टपावर कॅरियर बसवायचाय? आधी किलोंचा हिशोब करा

सीएनजीची गाडी घेतली की इंधनाचे पैसे वाचतात आणि डिकी जाते. ६० लिटरची टाकी मागे आडवी बसली की उरलेल्या जागेत दोन सॅक आणि एखादी छत्री, बास. सात सीटरवाल्यांचं दुखणं वेगळं नाही. तिसरी रांग उभी असेल तर ट्रायबरच्या मागे ८४ लिटर जागा उरते, एर्टिगाच्या मागे २०९. चाकांची एक मोठी बॅगच शंभर लिटरच्या आसपास असते. मग गणपतीला गावी निघताना सहा माणसं, आठवड्याचे कपडे, घडीचं मखर आणि आजीची गादी असा पसारा दारात मांडला, की सगळ्यांची नजर टपाकडे जाते.

ॲक्सेसरीजच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणती?" दुसरा येतो, "काळा की सिल्व्हर?" टपाला किती वजन झेपतं, हे तिथे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी थोडा वेळ घरीच काढा.

पायरी १: मॅन्युअलमधला तो एक आकडा शोधा

गाडीसोबत आलेलं जाड पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये असेल. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. त्यात 'रूफ लोड' किंवा 'रूफ रॅक' शोधा. छोट्या आणि मध्यम गाड्यांना हा आकडा साधारण ५० ते ७५ किलो असतो, मोठ्या एसयूव्हींना ७५ ते १००. रेनोने ट्रायबरच्या रूफ रेलसाठी ५० किलो जाहीर केले आहेत. काही मॅन्युअलमध्ये तर टपावर काहीच ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर हा लेख तिथेच थांबवा आणि जास्तीचं सामान ट्रॅव्हल्सच्या गाडीने आधी पाठवा. स्वस्तात काम होईल.

हा आकडा चालत्या गाडीचा असतो. उभ्या गाडीचा टप त्याहून बराच जास्त भार पेलतो. टपावर तंबू लावून त्यात माणसं झोपतात ती याच कारणाने. पण ब्रेक, वळण आणि खड्डे आले की मर्यादा चालत्या गाडीचीच धरायची. आणि या मर्यादेत फक्त सामान येत नाही. आडवे बार, ते टपाला धरून ठेवणारे पाय, वरची जाळी किंवा पेटी, पट्टे, ताडपत्री, सगळं त्यातच मोजायचं.

पायरी २: कागदावर वजाबाकी करा

५० किलोची मर्यादा घेऊन बघू. दोन ॲल्युमिनियमचे बार आणि चार पाय मिळून ६ किलो. त्यावर लोखंडी जाळीचा कॅरियर १६ किलो. उरले २८. म्हणजे विमानात चेक-इन करतो तशा जेमतेम दोन बॅगा. जाळीऐवजी कडक प्लास्टिकची पेटी घेतली आणि ती १८ किलोंची निघाली, तर उरतात २६. तेच बार ठेवून वर ५ किलोंची कापडी रूफ बॅग घेतली तर ३९ किलो सामान नेता येतं.

दुकानात दणकट म्हणून जे विकलं जातं ते टपाची निम्मी क्षमता स्वतःच खातं. मजबुती बघाच, पण छोट्या गाडीसाठी कॅरियरचं स्वतःचं वजन त्याच्या आधी विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर काट्यावर ठेवायला सांगा. तो कुरकुर करेल, करू दे.

आता घरचं सामान मोजा. बाथरूमचा वजनकाटा किंवा बॅगेला अडकवायचा छोटा काटा पुरतो. अंदाज इथे हमखास चुकतो. पाव किलोचा एक हापूस धरला तर पाच डझनांच्या पेटीत १५ किलो नुसते आंबे, वर लाकडाचं वजन. अशा दोन पेट्या चढवल्या की वरच्या हिशोबातले २८ किलो संपून पुढे गेलात. शिवाय मे महिन्यात तापलेल्या टपावर कोकणातून मुंबईपर्यंत आलेला आंबा घरी पोचेपर्यंत कसा झालेला असेल, ते सांगायला नको. आंबे आत, माणसांच्या पायाशी आणि एसीत. कपडे टपावर.

आणखी एक वजाबाकी बहुतेक जण विसरतात. टपावरचं सामान गाडीच्या एकूण भारातही धरलं जातं. गाडीचं ग्रॉस वजन, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, आणि रिकाम्या गाडीचं वजन यांतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून तुमची हक्काची मर्यादा. सात धडधाकट माणसं बसली की ती बरीचशी तिथेच संपते. सीएनजी गाडीत टाकीचं वजन रिकाम्या गाडीतच धरलेलं असतं, त्यामुळे तिथे हा फरक आणखी आखडतो.

पायरी ३: तुमचा टप कुठल्या जातीचा

बार टपाला कुठे धरणार, यावर पुढची सगळी खरेदी ठरते.

जुन्या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांना पाणी वाहून जायची उघडी पट्टी असायची. ॲम्बेसेडर, ओम्नी, जिप्सी, सुमो यांना ती होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या डोक्यावरचा कॅरियर याच पट्टीला पकडून बसलेला असे. २०२३च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. अशी पट्टी असेल तर काम सोपं आहे, कारण पकडायला पत्र्याची भक्कम कड मिळते. फक्त गंज आधी तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टी खरवडून पाहा. पापुद्रे सुटले तर तिथे वजन टाकू नका.

आजच्या गाड्यांत तीन प्रकार भेटतात. पहिला, टपापासून उचललेली रूफ रेल, जिच्याखालून बोटं आरपार जातात. दुसरा, टपाला चिकटून बसलेली, मधे फट नसलेली रेल. तिसरा, रेलच नसलेला कोरा टप. पहिल्या दोघांना वेगवेगळे पाय लागतात. एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत. कोऱ्या टपाला दाराच्या चौकटीत आकडा अडकवून धरणारे पाय येतात, आणि ते गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळे असतात. 'सगळ्या गाड्यांना बसतो' म्हणून मिळणारा आकडा दाराच्या रबरावर दाबून बसतो. पहिल्या पावसात पाणी आत येतं आणि रंगही जातो.

खरी गोम पहिल्या प्रकारात आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांवर रेल असते ती फक्त दिसायला. प्लास्टिकची असते, कधी दुहेरी टेपने चिकटवलेली, कधी दोन बारीक स्क्रूंवर. ओळखायची कशी? दोन्ही टोकांची टोपणं बघा, नखाने टकटक करा, रेल मधोमध धरून हलवून पाहा. धातूची रेल टपाच्या पत्र्याला बोल्टने बांधलेली असते आणि हलत नाही. पण हातावर फार विश्वास ठेवू नका. माहितीपत्रकात 'फंक्शनल रूफ रेल' आणि किलोंचा आकडा असे दोन्ही असतील, तरच ती भार घेणारी समजा. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराला विचाराल तर "चालतंय की" असं उत्तर मिळेल. त्याला पुस्तकातलं पान उघडून दाखवायला सांगा.

आणि एक काम कधीच करू नका. टपाला भोकं पाडून कॅरियर बसवणारे फॅब्रिकेशनवाले अजून आहेत. पूर्वीच्या जीपला ते चालून गेलं. आताच्या पुष्कळ गाड्यांत टपाच्या कडेला, आतल्या अस्तराखाली कर्टन एअरबॅग, म्हणजे धडकेत बाजूच्या काचांवर पडद्यासारखी फुगणारी एअरबॅग, घडी करून ठेवलेली असते. ड्रिल तिला लागू शकतो. नाही लागला तरी भोकातून पाणी झिरपणार, पत्रा गंजणार आणि वॉरंटीवर प्रश्न येणार.

पायरी ४: आडवे बार

चौकोनी लोखंडी बार स्वस्त पडतात आणि वाऱ्यात गुणगुणतात. विमानाच्या पंखासारखा आकार असलेले ॲल्युमिनियमचे बार महाग, पण हलके आणि शांत. त्यांच्या वरच्या बाजूला खाच असते, तिच्यात पेटीचा किंवा सायकल स्टँडचा बोल्ट सरकवता येतो. स्वीडनची थुले, अमेरिकेची याकिमा, ऑस्ट्रेलियाची ऱ्हायनो-रॅक ही या धंद्यातली मोठी नावं. देशी बनावटीचा माल त्यांच्या काही पटींनी स्वस्त मिळतो आणि तो सगळाच वाईट असतो असं मुळीच नाही. खोक्यावर किलोंची मर्यादा छापलेली आहे का, पायांना कुलूप आहे का, खालचं रबर जाड आहे का, हे बघा. टपावरच्या कॅरियरसाठी आयएसओ १११५४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते लिहिलेलं असेल तर चांगलंच.

बारची मर्यादा ७५ किलो आणि टपाची ५० असेल तर धरायची ५०च. दोन्हींत जी कमी ती.

समुद्राजवळ राहत असाल, रत्नागिरी, मालवण, पणजी, तर लोखंडाचा विचार सोडा. खारी हवा बारच्या आधी नट-बोल्ट खाते, आणि काढायच्या दिवशी ते फिरतच नाहीत. बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि पावसाळ्यापूर्वी आट्यांना थोडं ग्रीस लावा.

पायरी ५: बारवर काय ठेवायचं

वर्षातून दोनदा गावी, बाकी वर्षभर ऑफिस आणि भाजी, असा वापर असेल तर माझं मत कापडी बॅगेच्या बाजूने आहे. जड पीव्हीसी कापडाची, वेल्डिंग केलेल्या शिवणीची आणि चेनवर झाकण असलेली बॅग घ्या. वजन कमी, आणि काम झालं की घडी करून माळ्यावर. तिचा दोष चेनमध्ये असतो. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या बॅगेतही तासभर मुसळधार पावसात, ८०च्या वेगाने, चेनमधून पाणी घुसतं. म्हणून आत प्रत्येक कपड्याची पिशवी वेगळ्या जाड प्लास्टिकमध्ये बांधा, आणि चेनचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बॅग ठेवा. काही बॅगा बारशिवाय, पट्टे दारांतून आत घेऊन बांधता येतात. कोरड्या दिवसांत ठीक आहे. पावसात त्याच पट्ट्यांवरून पाणी आत टपकतं.

उघडी जाळी कुठल्याही आकाराचं सामान घेते: सायकल, ताडपत्रीत गुंडाळलेली गादी, फोल्डिंगच्या खुर्च्या. मात्र ती जड असते, आवाज करते, आणि प्रत्येक वेळी बांधायचं कौशल्य लागतं. चहाला थांबलात की सामानावर नजरही ठेवावी लागते.

कडक पेटी ३०० ते ६०० लिटरपर्यंत मिळते. कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, वारा तिच्यावरून बऱ्यापैकी सरकतो. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्याने तीच घ्यावी. फक्त घरी ती ठेवायची कुठे, हे आधी ठरवा. साडेसहा फुटांची पेटी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शेवटी बाल्कनीत उभी राहते. पेटी दोन्ही बाजूंनी उघडणारी असावी. एका बाजूने उघडणारी असेल तर हायवेच्या कडेला नेमकी रहदारीच्या बाजूला उभं राहून सामान काढावं लागतं.

पायरी ६: टेप घेऊन गाडीभोवती फिरा

एर्टिगाची उंची १६९० मिलिमीटर. बार-पायांचे १०० आणि ४०० उंचीची पेटी धरली की २१९० झाले. पुष्कळ मॉलच्या आणि सोसायट्यांच्या बेसमेंटच्या तोंडाशी २.१ मीटरची आडवी दांडी लटकत असते. पझल पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्राने वर-खाली रचणारं पार्किंग, असेल तर मर्यादा त्याहून कमी असू शकते, पाटी वाचा. तुमची एकूण उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. गाडी आज उंच आहे याचा विसर दुसऱ्याच दिवशी पडतो.

मग डिकीचं दार पूर्ण उघडून बघा. पेटी मागे जास्त आली तर दार तिच्यावर आदळतं. शार्क-फिन अँटेना पेटीच्या बुडाला लागत नाही ना, तेही पाहा. सनरूफ असेल तर ते वर उचललं जातं की मागे सरकतं, आणि बारला घासतं का, हे हळूहळू उघडून तपासा. काचेचा मोठा टप असलेल्या गाडीसाठी पुन्हा मॅन्युअल. काही कंपन्या अशा टपाची मर्यादा वेगळी देतात.

पायरी ७: आरटीओ, पोलिस आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. पान्याने बसणारा आणि पान्याने निघणारा कॅरियर वेगळा, वेल्डिंग करून कायमचा जोडलेला पिंजरा वेगळा. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. कलम १९४ (१अ) सामानाबद्दल आहे. सामान बाजूंनी, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मर्यादेबाहेर गेलं तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, शिवाय सामान उतरवण्याचा खर्च वेगळा. दंड नको असेल तर कॅरियर काढता येणारा असावा आणि सामान गाडीच्या चौकटीच्या आत. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा कॅरियर मिळत असेल तर तो घ्या आणि बिल गाडीत ठेवा. नाक्यावर बोलणं सोपं जातं.

विमा कंपनीला कळवून कॅरियर ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंदवता येतो. महागडी पेटी घेतली असेल तर नोंदवाच.

पायरी ८: बसवणं आणि बांधणं

बसवण्याआधी टप धुऊन कोरडा करा. पायाच्या रबराखाली अडकलेली वाळू सॅंडपेपरचं काम करते. दोन बारमधलं अंतर पेटीच्या किंवा बॅगेच्या पत्रकाप्रमाणे ठेवा. साधारण ७० सेंटिमीटर लागतात. चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर बार तिरका बसतो. किटमध्ये टॉर्कचा पाना येतो, तोच वापरा. त्याने 'टक्' केलं की थांबा. मग बार दोन्ही हातांनी धरून असा हलवा की गाडी डुलली पाहिजे, पण बार रेलवरून सरकता कामा नये. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा आवळा. नवीन रबर दबतं आणि बोल्ट सैल होतात.

सामान बांधायला नायलॉनची दोरी आपल्या घरोघरी असते, पण ताण आला की ती लांबते आणि भिजली की जरा जास्तच. सकाळी पनवेलला कचकचून मारलेली गाठ माणगावला सैल झालेली असते. पॉलिएस्टरचे पट्टे घ्या. लोखंडी रॅचेटवाले, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, चालतात, मात्र रॅचेट टपाच्या रंगावर टेकू देऊ नका. बॅगांसाठी साधा बकलवाला पट्टा बरा, कारण रॅचेट जोरात ओढलं तर पेटीसुद्धा चेपते. पट्ट्याला मधे एक पीळ द्या, म्हणजे तो वाऱ्यात फडफडत नाही. रबरी हुकाची दोरी फक्त ताडपत्री दाबायला. सामानाचा भार तिच्यावर टाकायचा नाही.

जोरात ब्रेक मारला की टपावरचं ४० किलोंचं सामान साधारण ३० किलोंच्या जोराने पुढे जाऊ बघतं. म्हणून पट्टे नुसते आडवे टाकून भागत नाही. पुढे सरकण्याविरुद्ध, पुढच्या बारला वळसा घेऊन एक तरी पट्टा हवा. जड वस्तू दोन बारच्या मधे आणि खाली, हलक्या कडेला. शिडी किंवा पाइपसारखी लांब वस्तू असेल तर पुढचं टोक बंपरखालच्या टोइंग हुकला आणि मागचं टोक मागच्या हुकला, अशी वेगळी बांधा.

टपावर न्यायच्या नाहीत त्या गोष्टी: गॅसची टाकी, पेट्रोलचा कॅन, लॅपटॉप, काच, औषधं आणि तांदळाचं पोतं. २५ किलोंचं पोतं मागच्या सीटच्या पायाशी ठेवलं तर गाडी उलट जरा बसूनच चालते. तेच टपावर गेलं की प्रत्येक वळणावर कळतं.

पायरी ९: रस्त्यावर आणि परतल्यावर

टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर 'फुल लोड'पुढे दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. मग वेग. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०च्या जागी १०० केलेत तर तो पावणेतीन पट होतो. द्रुतगती मार्गावर कारला १०० चालतात म्हणून टपावर पेटी असताना १०० गाठायचेच असं नाही, ८० पुरे. अटल सेतूवर किंवा घाट उतरताना आडवा वारा लागला की स्टिअरिंग हलकेच ओढल्यासारखं वाटेल. तेव्हा झटका न देता वेग कमी करा. कशेडी किंवा वरंधच्या वळणांवर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकेल. वळणात शिरायच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक नको.

इंधनाचं नुकसानही किरकोळ नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांप्रमाणे टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीमुळे मायलेज शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्क्यांनी घटतं. सीएनजी घेऊन वाचवलेले पैसे असे वाऱ्यावर जातात. रिकामा कॅरियरसुद्धा वारा अडवतोच. तरी गणपतीत बसवलेला कॅरियर शिमग्यापर्यंत डोक्यावर मिरवणाऱ्या गाड्या प्रत्येक सोसायटीत दिसतात.

परत आलात की आठवड्याच्या आत काढा. काढताना चारही पायांवर मार्करने 'पुढे डावा', 'मागे उजवा' असं लिहा. बोल्ट, पाना आणि किल्ल्या एका पिशवीत घालून ती पिशवी बारलाच बांधा. कुलपाच्या किल्लीचा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. बहुतेक कंपन्यांकडून त्या नंबरवर दुसरी किल्ली मागवता येते. टपावर रबराचे ठसे उमटले असतील तर ओल्या मऊ फडक्याने आणि कार शाम्पूने पुसा. रंगाला ओरखडा दिसला तर पुढच्या पावसाच्या आत टच-अप करून घ्या.